पितळी पुंगळीचा पुनर्जन्म : काडतुसांच्या रिकाम्या कवचांची सफाई आणि तिचे शास्त्र

बंदुकीतून गोळी सुटते, दारू जळून जाते, प्रायमर निकामी होतो. मागे उरते ती केवळ पितळेची पुंगळी. काडतुसाच्या चार घटकांपैकी हा एकच घटक पुन्हा वापरता येतो आणि तोच बहुधा सर्वांत महागही असतो. म्हणूनच अमेरिकेसारख्या देशांत, जेथे नागरिकांना स्वतःच्या वापरासाठी काडतुसे घरी भरण्याची मुभा आहे, तेथे नेमबाजीच्या मैदानावर पडलेल्या पुंगळ्या वेचून, स्वच्छ करून पुन्हा भरण्याचा छंद गेल्या दीडशे वर्षांत चांगलाच रुजला आहे. या पुनर्भरणाची पहिली पायरी म्हणजे पुंगळ्यांची सफाई. ती बहुतेकदा ‘टंबलर’ नावाच्या यंत्रात केली जाते. वरवर पाहता हे भांडी घासण्यासारखे काम वाटते. प्रत्यक्षात धातुशास्त्र, रसायनशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्हींचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे.

पुंगळीचे काम

काडतुसाचे चार भाग असतात : पुढची गोळी, आतील दारू, बुडाशी बसवलेला प्रायमर आणि या सर्वांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. घोडा ओढल्यावर बंदुकीची कळ प्रायमरवर आदळते, त्यातील स्फोटक मिश्रण पेटते आणि त्याची ज्वाला एका बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. बहुतेक अमेरिकी पुंगळ्यांत या छिद्राचा व्यास सुमारे दोन मिलिमीटर असतो. दारू पेटताच आतील दाब प्रचंड वाढतो. ‘.३०८ विंचेस्टर’ या रायफलच्या काडतुसासाठी अमेरिकी उद्योगमानकानुसार कमाल दाब प्रतिचौरस इंचाला ६२ हजार पौंड इतका, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक ठरवलेला आहे. ‘.४५ एसीपी’ या पिस्तुलाच्या काडतुसात तो २१ हजार पौंड असतो.

या दाबाखाली पुंगळी फुगते आणि नळीच्या मागील कक्षेच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने येत नाहीत. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर काढता येते. ताणले जाणे आणि पुन्हा आकसणे हे दोन्ही गुण पितळेत आहेत. या कामासाठी वापरले जाणारे ‘काडतुसी पितळ’ सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. पत्र्याच्या चकतीची आधी वाटी केली जाते. मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळकांडे बनवले जाते. प्रत्येक टप्प्यात पितळ कडक होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. शेवटी पुंगळीचे बूड कडक आणि मान मऊ राहील अशी योजना असते. लष्करी काडतुसांच्या मानेजवळ दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा म्हणजे अखेरच्या तापवणीची खूण होय. खुल्या बाजारातील काडतुसांवरून ती घासून काढली जाते. लष्करी मालावर मात्र तशीच ठेवण्याची प्रथा आहे.

सर्वच पुंगळ्या पुन्हा भरता येत नाहीत. .२२ रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण वेगळ्या प्रायमरमध्ये नसते, तर बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. कळीच्या आघाताने ती कड चेपली जाते आणि पुंगळी निकामी होते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात हीच काडतुसे वापरली जातात. त्यांच्या पुंगळ्यांना भंगारापलीकडे भवितव्य नसते.

मध्यभागी प्रायमर असलेल्या पुंगळ्यांचे दोन प्रकार आहेत. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकी हायरम बर्डन या दोघांनी १८६० च्या दशकात आपापल्या रचना पुढे आणल्या. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. बर्डन पद्धतीत बहुधा दोन लहान छिद्रे असतात. गंमत अशी, की अमेरिकेने ब्रिटिश माणसाची पद्धत स्वीकारली आणि युरोपातील अनेक देशांनी अमेरिकी माणसाची. एकाच छिद्रातून सुई घालून जुना प्रायमर सहज ढकलून काढता येत असल्याने घरगुती पुनर्भरणासाठी बॉक्सर पद्धतीच्याच पुंगळ्या पसंत केल्या जातात.

सफाईचा खरा हेतू

झळाळी हा सफाईचा मुख्य हेतू नव्हे. काळवंडलेली, पण धूळ-मातीपासून मुक्त अशी पुंगळी चकचकीत पुंगळीइतकेच काम देते. पितळ काळे पडते ते हवेतील प्राणवायू, ओलावा आणि गंधकयुक्त वायूंमुळे पृष्ठभागावर बसणाऱ्या पातळ थरामुळे. हा थर धातूच्या बळाला बाधा आणत नाही.

सफाईची गरज तीन कारणांनी भासते. पहिले कारण मातीचे. वापरलेली पुंगळी फुगलेली असते आणि पुन्हा भरण्यापूर्वी तिला पोलादी साच्यातून दाबून मूळ मापावर आणावे लागते. पुंगळीवर वाळूचा एक कण राहिला तरी साच्याच्या गुळगुळीत आतील पृष्ठभागावर चरा उमटतो. आणि मग तो चरा त्या साच्यातून जाणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर उमटत राहतो. दुसरे कारण बंदुकीचे. तीच माती कक्षेत गेली तर तेथील पोलादही खरवडले जाते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण तपासणीचे. मानेला गेलेली केसासारखी बारीक चीर काजळीखाली झाकली जाते. बुडाच्या किंचित वर उमटणारी चकाकती आडवी रेघ हा आणखी गंभीर इशारा असतो. पुंगळी पुन्हापुन्हा ताणली गेल्याने त्या जागी आतून भिंत पातळ होत गेली आहे आणि पुढच्या एखाद्या वेळी बूड उर्वरित पुंगळीपासून तुटून वेगळे होऊ शकते, असा त्याचा अर्थ होतो. तसे झाल्यास तप्त वायू मागे येऊन बंदुकीची मोडतोड होते आणि नेमबाजाच्या डोळ्यांना व हातांना इजा पोहोचू शकते. म्हणून अनुभवी मंडळी टोकदार वाकवलेली तार पुंगळीच्या आतून फिरवून पाहतात. तार त्या जागी खाचेत अडकल्यास ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकली जाते. चेपण्याचे कारण साधे आहे. न चेपलेली पुंगळी चुकून पुन्हा चांगल्या मालात मिसळू शकते.

यंत्रात टाकण्यापूर्वी

पुंगळ्या थेट यंत्रात ओतणे योग्य नव्हे. प्रथम त्यांची निवड करावी लागते. लोखंडी पुंगळ्या लोहचुंबकाने वेगळ्या काढता येतात. अॅल्युमिनियमच्या पुंगळ्या राखाडी रंगावरून व हलक्या वजनावरून ओळखू येतात. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्या पितळीच असतात. मात्र त्यांचा मुलामा फार घासल्यास उडू लागतो.

मापांनुसार वर्गवारी करणेही तितकेच आवश्यक असते. नऊ मिलिमीटरची पुंगळी .४० च्या पुंगळीत आणि .४० ची .४५ च्या पुंगळीत जाऊन घट्ट बसते. यंत्र तासन्‌तास फिरले तरी आतल्या पुंगळीची सफाई होत नाही, शिवाय त्या सोडवताना तोंडे वाकतात. याच वेळी चिरलेल्या, चेपलेल्या आणि बुडाशी फुगीर झालेल्या पुंगळ्या बाजूला काढल्या जातात.

आणखी एक दक्षता सर्वांत मोलाची आहे. मैदानावरून वेचलेल्या ढिगात न उडालेले काडतूस आलेले असू शकते. यंत्रात जाणारी प्रत्येक वस्तू रिकामी आहे याची खात्री केल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये. भरलेली काडतुसे चमकवण्यासाठी घरच्या यंत्रात फिरवू नयेत. दीर्घकाळच्या घर्षणाने दारूच्या कणांचा आकार बदलला, तर तिचा जळण्याचा वेगही बदलण्याची शक्यता असते.

कोरडी पद्धत : कंपन आणि भुगा

टंबलरचे मुख्य प्रकार दोन : कंप पावणारा आणि फिरणारा. कंप पावणाऱ्या यंत्रात एक गोलाकार वाडगा स्प्रिंगांवर बसवलेला असतो. त्याखालील मोटारीच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेले वजन असते. मोटार फिरू लागली की हे असंतुलित वजन वाडग्याला जोरजोरात हलवते आणि आतील भुगा व पुंगळ्या वरून खाली, बाहेरून आत अशा सतत घोळल्या जातात.

घासण्यासाठी बहुधा दोन पदार्थ वापरले जातात. अक्रोडाच्या कवचाचा भरडा कठीण आणि धारदार कोपऱ्यांचा असतो; तो काजळी व डाग लवकर काढतो. दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा तुलनेने मऊ असतो. तो वेळ अधिक घेतो, पण झळाळी चांगली देतो. दोन्ही पदार्थ पितळेला ओरखडे पडणार नाहीत इतपतच कठीण असतात. अनेक जण आधी अक्रोड आणि नंतर मका असा क्रम ठेवतात. पुंगळ्या किती मळल्या आहेत त्यानुसार दोन ते चार तास लागतात. भुग्यात थोडे द्रवरूप पॉलिश मिसळल्यास काम लवकर होते. मात्र ते आधी भुग्यात नीट मुरवून घ्यावे लागते, अन्यथा पुंगळीच्या आत चिकट गोळे अडकून बसतात.

कोरड्या पद्धतीत प्रायमर आधी काढावा की नंतर, याविषयी दोन मते आहेत. आधी काढल्यास प्रायमरची खोबण थोडीफार साफ होते, पण भुग्याचे कण ज्वालेच्या छिद्रात अडकतात आणि प्रत्येक पुंगळीचे छिद्र सुईने मोकळे करावे लागते. प्रायमर ठेवूनच घोळल्यास ही कटकट टळते, परंतु खोबणीतील काजळी तशीच राहते. छिद्र बुजलेले राहिल्यास दारू वेळेवर किंवा पूर्णपणे पेटत नाही. अर्धवट पेटलेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकून बसू शकते आणि ते लक्षात न येता पुढची गोळी झाडली गेली तर नळी फुटण्याचा धोका असतो. बोटाच्या नखाहून लहान अशा छिद्राकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच परवडणारे नसते.

ओली पद्धत : पाणी, लिंबाचे आम्ल आणि पोलादी काड्या

फिरणाऱ्या टंबलरचे मूळ रत्ने आणि शोभेचे दगड घासून गुळगुळीत करण्याच्या व्यवसायात आहे. दोन समांतर रुळांवर आडवे ठेवलेले, आतून रबराचे अस्तर असलेले पिंप मोटारीने फिरवले जाते. आतील माल पिंपाच्या भिंतीबरोबर वर चढतो आणि काही उंचीवरून घरंगळत खाली येतो. सगळे घासणे या घरंगळण्यात घडते. म्हणूनच पिंप फार वेगाने फिरवून उपयोग नसतो. सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाचे पिंप मिनिटाला १०० च्या आसपास फेरे घेऊ लागले, तर आतील माल भिंतीलाच चिकटून गोल फिरत राहील आणि घर्षण थांबेल. प्रत्यक्षातील यंत्रे त्यामुळे या वेगाच्या बरीच खाली चालवली जातात.

साधारण २०१० पासून या पिंपात स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या वापरण्याची पद्धत लोकप्रिय झाली. या काड्यांचा व्यास सुमारे सव्वा मिलिमीटर आणि लांबी सहा-साडेसहा मिलिमीटर असते. पाच पौंड काड्या, दोन पौंड पुंगळ्या आणि वर पिंप जवळजवळ भरेल इतके पाणी, हे प्रमाण प्रचलित आहे. पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवरूप साबणाचे काही थेंब आणि पाव चमचा सायट्रिक आम्लाची पूड घातली जाते. काड्या पुंगळीच्या आत, प्रायमरच्या खोबणीत आणि छिद्रातही शिरत असल्याने आतबाहेर नव्यासारखी सफाई होते. त्यासाठी अर्थातच प्रायमर आधी काढून टाकावा लागतो.

सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाचेच आम्ल. देवघरातील समई किंवा तांब्या-पितळेची भांडी चिंचेने अथवा लिंबाने घासणाऱ्या घरांत हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. चिंचेतील टार्टारिक आम्ल आणि लिंबातील सायट्रिक आम्ल धातूवरील ऑक्साइडचा थर विरघळवतात. साबण तेलकटपणा आणि सुटलेली काजळी पाण्यात धरून ठेवतो. पण चिंच लावून भांडे रात्रभर ठेवले तर जे होते, तेच येथेही होते. आम्ल जास्त झाले किंवा पुंगळ्या त्यात फार वेळ राहिल्या, तर पृष्ठभागावरील जस्त विरघळून निघते आणि पितळ गुलाबी दिसू लागते. हलकी गुलाबी छटा वरवरची असू शकते. पण जस्त खोलवर निघून गेलेले पितळ सच्छिद्र आणि दुबळे होते. म्हणून ‘थोडे अधिक घातले तर अधिक चमकेल’ हा विचार येथे चालत नाही.

ओल्या पद्धतीच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत. पिंप फार वेळ फिरत राहिल्यास पुंगळ्या एकमेकींवर आदळून त्यांच्या तोंडाची कड चेपते आणि जाड होते. काही वेळा दोन काड्या एकाच छिद्रात एकमेकींत अडकून बसतात. सुटलेली एखादी पोलादी काडी पुंगळीत राहून गेली आणि काडतूस झाडले गेले, तर ती नळीचे नुकसान करू शकते. त्यामुळे प्रत्येक पुंगळी उलटी करून, आपटून, उजेडासमोर धरून पाहावी लागते. सांडलेल्या काड्या गोळा करण्यासाठी लोहचुंबक उपयोगी पडतो. याखेरीज मानेच्या आतील काजळीही धुऊन गेल्याने नवी गोळी बसवताना घर्षण वाढते. त्यावर उपाय म्हणून काही जण मानेच्या आत ग्राफाइटची कोरडी पूड लावतात.

धुणे आणि वाळवणे

पिंपातून निघालेल्या पुंगळ्या स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्याव्या लागतात. आम्लाचा अंश राहिल्यास दुसऱ्या दिवशी डाग उमटतात. त्यानंतर जुन्या पंचात घोळवून वरचे पाणी टिपले जाते. आतील पाणी मात्र सहज जात नाही. ते प्रायमरच्या खोबणीत टिकून राहिले, तर नवा प्रायमर आणि दारू दोन्ही खराब होतात. साध्या हवेत पुंगळ्या वाळायला एक-दोन दिवस लागतात.

घाई असल्यास मंद उष्णता देतात. तीही शंभर अंश सेल्सिअसच्या आतच. सुमारे २५० अंशांच्या पुढे काडतुसी पितळाच्या अंतर्गत कणरचनेत बदल सुरू होतात आणि ते मऊ पडू लागते. मानेला मऊपणा हवा असतो, बुडाला मात्र तो घातक ठरतो. बूड मऊ झालेली पुंगळी दाब सहन करू शकत नाही. एकदा अशी चूक झालेल्या पुंगळ्या पाहून ओळखता येत नाहीत. सगळा घाणा भंगारात काढणे एवढाच मार्ग उरतो. अन्न शिजवण्याची भट्टी किंवा भांडी या कामासाठी वापरू नयेत, याचे कारण पुढे येते.

न दिसणारा धोका : शिसे

या कामातील सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. आजच्या बहुतेक प्रायमरांत लेड स्टिफनेट हे शिशाचे स्फोटक संयुग असते. सोबत बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असते. प्रायमर पेटल्यावर शिशाचे सूक्ष्म कण पुंगळीच्या आत काजळीबरोबर चिकटून राहतात. गोळीच्या उघड्या शिशाच्या बुडापासूनही काही भर पडते. कोरड्या टंबलरमध्ये ही काजळी सुटते आणि भुग्यात मिसळते. झाकण उघडताना, भुगा चाळताना आणि ओतताना तिची धूळ उडते, श्वासावाटे आत जाते, हातांवर व कपड्यांवर बसते.

शिसे शरीरात साठत जाते. मोठ्यांमध्ये त्याने रक्तदाब, मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था यांवर परिणाम होतो. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम त्याहून गंभीर आणि न भरून येणारा असतो. लहान मुलांसाठी रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातील शिशाची दखल घेण्याजोगी पातळी २०१२ मध्ये प्रतिडेसिलिटर पाच मायक्रोग्रॅम ठरवली होती; २०२१ मध्ये ती ३.५ पर्यंत खाली आणण्यात आली. छंद एकाचा असतो, पण घरातल्या जमिनीवर रांगणारे मूल धूळ तोंडात घालते.

त्यामुळे काही नियम कटाक्षाने पाळण्याचा सल्ला दिला जातो. टंबलर राहत्या खोलीत न ठेवता घराबाहेर किंवा स्वतंत्र गॅरेजमध्ये, झाकण लावून चालवावा. भुगा मोकळ्या हवेत आणि झाकणाच्या चाळणीतून चाळावा. नाकातोंडावर योग्य मुखपट्टी आणि हातांत मोजे असावेत. कपडे वाळवण्याच्या यंत्रात वापरून झालेल्या मऊ कापडाच्या पट्ट्या भुग्यात टाकल्यास बरीच धूळ त्यांना चिकटते. भुगा काळा पडला की तो बदलावा. तो खतात किंवा बागेत टाकू नये. काम करताना खाणे, पिणे, धूम्रपान वर्ज्य असावे. नंतर हात आणि तोंड साबणाने नीट धुवावे. साध्या साबणाने शिसे पूर्णपणे निघत नसल्याने त्यासाठी खास बनवलेले साबण व पुसणीही मिळतात. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. स्वयंपाकघरातील चाळणी, पातेले, चमचा या कामासाठी एकदा वापरला, की तो पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

ओल्या पद्धतीची लोकप्रियता वाढण्यामागे हेही एक कारण आहे. पाण्यात धूळ उडत नाही. परंतु शिसे नाहीसे होत नाही. ते काळ्या पाण्यात उतरते. ते पाणी मोज्यांविना हाताळणे किंवा अंगणात, झाडांच्या मुळाशी ओतणे म्हणजे धोका एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे होय.

तबेले, पावसाळा आणि चिरलेली काडतुसे

पुंगळ्या साफ करणाऱ्यांना हमखास दिला जाणारा आणखी एक इशारा म्हणजे अमोनिया असलेले पॉलिश वापरू नये. या इशाऱ्यामागचा इतिहास थेट हिंदुस्थानाशी जोडलेला आहे.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवली जात. पावसाळा सरल्यावर त्यांतील अनेकांच्या पुंगळ्या आपोआप चिरलेल्या आढळत. कोणी त्यांना हात लावलेला नसे, त्या झाडलेल्याही नसत. हंगामाशी संबंध दिसल्याने या प्रकाराला ‘हंगामी तडे’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेतील तांब्यावर क्रिया करतो. मात्र केवळ तेवढ्याने तडे जात नाहीत. पत्रा ओढून पुंगळी बनवताना धातूत ताण शिल्लक राहिलेला असतो. या ताणाखाली असलेल्या जागी अमोनियाचा मारा झाला, की कणांच्या सीमारेषांवरून चीर धावत जाते. उपायही त्यातूनच निघाला. पुंगळी तयार झाल्यावर तिला सौम्य उष्णता देऊन हा शिल्लक ताण घालवला जाऊ लागला. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘ताणजन्य क्षरण’ शिकवताना हे उदाहरण आवर्जून दिले जाते.

पुन्हा वापरलेल्या पुंगळीत हा ताण पुन्हा निर्माण होतो, कारण ती फुगते आणि साच्यातून दाबली जाते. म्हणून घरगुती सफाईत अमोनियाला स्थान नाही. भांड्यांचे पॉलिश पुंगळ्यांसाठी वापरण्यापूर्वी डब्यावरील घटक वाचणे त्यासाठीच अगत्याचे ठरते.

छंदाची वाटचाल

पूर्ण पितळेची, ओढून बनवलेली पुंगळी येण्यापूर्वी ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफलची काडतुसे पातळ पितळी पत्रा गुंडाळून बनवत. ती सहज चेपत आणि तापलेल्या बंदुकीत अडकून बसत. सुदानच्या मोहिमेत १८८४-८५ मध्ये याचा फटका बसल्यावर एकसंध पुंगळीची निकड अधिकच पटली. अमेरिकेत १८७० च्या दशकात गवताळ प्रदेशांत रानगव्यांची शिकार करणारे शिकारी आपल्या पितळी पुंगळ्या तळावरच पुन्हा भरत. त्या काळच्या काळ्या दारूचा अवशेष ओलावा शोषून पितळ खात असल्याने पुंगळ्या त्याच दिवशी पाण्याने धुणे भाग असे.

पुढे धूरविरहित दारू आली, तेव्हा वेगळीच समस्या उभी राहिली. जुन्या प्रायमरांत पाऱ्याचे फल्मिनेट असे. काळ्या दारूची भरपूर राख हा पारा आपल्याबरोबर वाहून नेई. नव्या दारूत राखच नसल्याने तो पितळेत मुरून पुंगळी ठिसूळ करू लागला. कितीही घासले तरी हा दोष जात नसे. पाराविरहित प्रायमर आल्यानंतरच पुंगळ्यांचे आयुष्य खऱ्या अर्थाने वाढले.

पुनर्भरणाच्या साधनांचा उद्योगही अमेरिकेतच वाढला. कनेक्टिकट राज्यात १८७८ मध्ये सुरू झालेली लायमन, १८८४ पासून हात-साधने बनवणारी आणि १९२५ मध्ये लायमनकडे आलेली आयडियल, कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये सुरू केलेली आरसीबीएस आणि नेब्रास्कातील हॉर्नडी ही त्यातील ठळक नावे होत. फ्रँकफर्ड आर्सेनल या नावाने आज टंबलर विकले जातात; त्याच नावाचा अमेरिकी लष्कराचा फिलाडेल्फिया येथील मूळ कारखाना मात्र १९७७ मध्ये बंद झाला.

भारतात काय?

भारतात काडतुसांचे उत्पादन हा सर्वसामान्य नागरिकाच्या छंदाचा विषय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करण्यासाठी परवाना आवश्यक आहे आणि कायद्यातील ‘दारूगोळा’ या संज्ञेत त्याचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रेही मोडतात. त्यामुळे परदेशांतील चित्रफिती पाहून घरी हा उद्योग करणे कायद्याच्या कचाट्यात नेणारे ठरू शकते.

तरीही या विषयाचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. हे कारखाने २०२१ मध्ये झालेल्या पुनर्रचनेनंतर पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आले. काडतुसे बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात पितळ ओढणे, तापवणे, सौम्य आम्लात बुडवून धुणे आणि मोठ्या पिंपांत घोळणे या क्रिया घडतातच. घरगुती टंबलर हे त्याच प्रक्रियेचे छोटे रूप होय.

पुंगळी केव्हा थांबवावी

कमी दाबाच्या पिस्तुलाची पुंगळी दहा-वीस वेळाही भरता येते. अधिक दाबाच्या रायफलची पुंगळी पाच-दहा वेळांत थकते. नेमका आकडा बंदूक, दाब आणि पुंगळीचा दर्जा यांवर अवलंबून असतो. म्हणून जाणकार प्रत्येक गठ्ठ्याची नोंद ठेवतात : किती वेळा भरली, केव्हा मान तापवली, किती पुंगळ्या बाद झाल्या. मानेला चीर, बुडाजवळ रेघ, सैल झालेली प्रायमरची खोबण किंवा गुलाबी पडलेले पितळ यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ती पुंगळी संपली, असे समजले जाते. भंगारात गेलेले पितळ वितळून पुन्हा पितळच होते. तेव्हा एखादी पुंगळी टाकून देण्यात तोटा फारसा नसतो. चकचकीत दिसते म्हणून सदोष पुंगळी ठेवून घेण्यात मात्र तो असतो.